२४ माणसांचं मशीन शॉप: टीम कशा पाडायच्या आणि त्यात गणित कुठं कामाला येतं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉप आहे, पंपाचे आणि व्हॉल्व्हचे पार्ट करता, सुरवातीला ४ माणसं होती, आता २४ झालीत. टर्निंग, मिलिंग, ड्रिलिंग, क्यूसी (तयार पार्टची तपासणी), डिस्पॅच असे सेक्शन पाडलेत, तरी जो तो उठतो आणि तुमच्या केबिनमध्येच येतो, आणि डिलिव्हरी लेट ती लेटच. तर बाहेरून एक चांगला सुपरवायझर घ्यावा, का टीमच नव्यानं पाडाव्यात, टीम केवढी असावी, आणि हे गणिती मॉडेल लावून ठरवता येतं का, का ते सगळं मोठ्या कंपन्यांसाठी असतं.

ठरवता येतं, आणि छोट्या युनिटला तर जास्त सोपं जातं, कारण सगळं डोळ्यासमोर असतं. फक्त मॉडेलकडून काय मागायचं ते आधी नीट ठरवा. अमुक माणूस अमुक टीममध्ये घाला हे मॉडेल सांगत नाही. ते एवढंच सांगतं की टीमची रेघ इथून ओढली तर किती कामं ती रेघ ओलांडून जाणार आणि ओलांडताना किती वेळ थांबणार. मी गेली तेवीस वर्षं मिरज, कुपवाड, पलूस या पट्ट्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगचंच काम करतोय, आणि ज्या टीम बिघडलेल्या बघितल्या त्यातल्या बहुतेक ठिकाणी माणसं चांगली होती, रेघ चुकीच्या जागी होती.

आधी तुम्हाला जाणवतंय ते आकड्यात बघा. ४ माणसांत बोलायच्या जोड्या किती तर ६. २४ माणसांत २७६. माणसं सहापट झाली आणि जोड्या सेहेचाळीस पट. हिशोब सोपा आहे, माणसांच्या संख्येला एक कमी संख्येनं गुणायचं आणि निम्मं करायचं. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये सॉफ्टवेअरच्या कामाबद्दल लिहिताना हाच हिशोब मांडला होता आणि म्हणाले होते की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली तर उशीर वाढतो. मशीन शॉपला हे तसंच्या तसं लागू पडतं, नवीन पोरगं आलं की त्याला शिकवायला तुमचा सगळ्यात चांगला सेटर (मशीनवर टूल आणि माप लावून देणारा) मशीन सोडून उभा राहतो. त्याच्याही आधी १९३३ मध्ये ग्रेक्युनस यांनी साहेबाच्या बाजूनं मोजलं होतं, हाताखाली ५ जण असले तर साहेबाचे एकेकाशी, गटागटाशी आणि त्यांचे एकमेकांशी धरून एकूण संबंध १०० होतात आणि नुसता सहावा आला की २२२. अर्थात हे सगळे शक्य असलेले संबंध, रोज घडणारे नव्हेत, त्यामुळं हे आकडे भिंतीवर लावायचे नसतात, दिशा कळायला असतात. तुमच्या टर्निंगवाल्याला डिस्पॅचवाल्याशी महिन्यात एकदा बोलायची गरज पडत असेल तर ती जोडी धरून काय उपयोग.

म्हणून खरे आकडे लागतात, आणि ते कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीत, ते शॉप फ्लोअरवर आहेत. एक शंभर पानी वही घ्या, बारा कामाचे दिवस ठेवा. कोण उठून कोणाकडे गेलं, कशासाठी गेलं (ड्रॉइंग, टूल, फर्स्ट पीस म्हणजे पहिला नग तपासून घेणं, मटेरियल, ऑफसेट म्हणजे मशीनवर टूलचं माप दुरुस्त करणं, बाकी काही), आणि उत्तर मिळेपर्यंत अंदाजे किती मिनिटं गेली, एवढंच. त्याच्या आधी सगळ्यांना उभं करून स्पष्ट सांगा की ही वही कोणाचं काम मोजायला नाही, पगाराशी हिचा संबंध नाही. हे सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी लोक उठायचंच बंद करतात, मशीन बंद ठेवून बसतात पण विचारायला जात नाहीत, आणि तुमची वही छान रिकामी दिसते.

बारा दिवसांनी उभ्या-आडव्या चौकटीचा तक्ता करा, डावीकडं सगळ्यांची नावं, वरही तीच नावं, चौकटीत डावीकडचा माणूस वरच्याकडं किती वेळा गेला तो आकडा. याला डिझाइन स्ट्रक्चर मॅट्रिक्स म्हणतात, डोनाल्ड स्टुअर्ड यांनी १९८१ मध्ये मांडलेली पद्धत आहे. मग एकच काम करायचं, नावांचा क्रम असा बदलत राहायचं की मोठे आकडे तिरप्या रेघेच्या जवळ गोळा होतील. जिथं मोठ्या आकड्यांचा ठोकळा तयार होतो ती तुमची नैसर्गिक टीम. एक्सेलमध्ये दोन तास लागतात, नाहीतर कार्डबोर्डच्या पट्ट्या कापून टेबलावर सरकवा, मी अजून तसंच करतो कारण त्यात तुमचा सेटरही हात घालू शकतो.

समजायला सोपे आकडे घेऊ. समजा बारा दिवसांत ४०० नोंदी झाल्या. तुमच्या आत्ताच्या सेक्शनप्रमाणे बघितलं तर त्यातल्या १२० सेक्शनच्या आतल्या आणि २८० बाहेरच्या, म्हणजे शंभरातल्या सत्तर वेळा माणूस दुसऱ्या सेक्शनमध्ये जातोय. हे होणारच, कारण टर्निंगवाल्याला दुसऱ्या टर्निंगवाल्याशी फारसं काम नसतं, त्याला त्याच पार्टवर पुढं ड्रिलिंग करणाऱ्याशी काम असतं. आता तीच माणसं पार्टप्रमाणे बसवली, म्हणजे एका प्रकारच्या पार्टची सगळी कामं करणारी एक टीम, तिलाच सेल म्हणतात, पंपाच्या पार्टचा एक सेल, व्हॉल्व्हच्या पार्टचा दुसरा, तर समजा २७० आतल्या आणि १३० बाहेरच्या झाल्या. आतला प्रश्न ३ मिनिटांत सुटतो आणि बाहेरचा १२ मिनिटं खातो असं धरलं तर आधी ३७२० मिनिटं जात होती, आता २३७०. बारा दिवसांत साडेबावीस तास वाचले. ऐकायला फार मोठं वाटत नाही, आणि कोणी तुम्हाला सेल केल्यावर प्रॉडक्शन दुप्पट होईल म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण हे तास नुसते माणसाचे नाहीत, तेवढा वेळ व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) पण उभं असतं, आणि त्याचा तासाचा रेट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहितीय.

कुठला पार्ट कुठल्या सेलला द्यायचा यासाठी वेगळी पद्धत आहे, मशीन आणि पार्ट यांचा शून्य-एकचा तक्ता करून (पार्ट त्या मशीनवर जात असेल तर एक, नाहीतर शून्य) ओळी आणि रकाने बायनरी आकड्यासारखे उतरत्या क्रमानं लावत जायचे, किंग यांनी १९८० मध्ये दिलेली. तुमच्याकडं पार्ट पन्नासच्या आत असतील तर एका बैठकीत होतं. एखादं मशीन दोन्ही सेलला लागतंच, ते भांडण तक्त्यात सुटत नाही, ते तुम्ही सोडवायचं.

आता क्यूसी. इथं मी जरा जास्त थांबणार, कारण माझ्या अनुभवात लेट डिलिव्हरीचं मूळ दहातल्या सहा-सात ठिकाणी मशीनवर नसतं, क्यूसीच्या टेबलाखाली असतं. तुम्ही उद्याच एक करा. क्यूसीला जे ट्रे येतात त्यांच्यावर खडूनं दोन टाइम लिहायला लावा, ठेवला किती वाजता आणि उचलला किती वाजता. मी एका ठिकाणी असं केलं तेव्हा पहिल्याच ट्रेवर ठेवला ९:१०, उचलला ११:५० असं आलं, आणि क्यूसीच्या पोरानं बोअर गेज लावून, व्हर्नियर फिरवून तो पार्ट आठ मिनिटांत पास केला. आठ मिनिटांच्या कामासाठी दोन तास चाळीस मिनिटं. पोरगं आळशी म्हणावं तर तेही नाही, दिवसभर मान वर करत नव्हतं.

याचं कारण गणितात आहे आणि ते समजलं की टीमकडं बघायची नजर बदलते. काम येणंही बेभरवशाचं आणि लागणारा वेळही बेभरवशाचा असला की एका माणसापुढची सरासरी वाट अशी निघते, तो जितका भाग बिझी आहे त्याला जितका भाग मोकळा आहे त्यानं भागायचं, आणि एका कामाच्या वेळेनं गुणायचं. एक चेक १० मिनिटांचा धरा. माणूस ८० टक्के बिझी असेल तर पार्ट सरासरी ४० मिनिटं थांबतो. ९० टक्के असेल तर ९० मिनिटं. ९५ टक्के असेल तर १९० मिनिटं. काम वाढलं नव्वदाचं पंच्याण्णव एवढंच, आणि वाट दुप्पट. त्यामुळं ज्याच्याकडं सगळ्यांना जावं लागतं तो माणूस शंभर टक्के कामात दिसला म्हणजे पैसा वसूल झाला असं समजणं हीच सगळ्यात महाग चूक. आपल्याकडं साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसला हे कुणी शिकवावं लागत नाही, तोडणीचा प्रोग्राम गव्हाणीच्या (जिथून ऊस गाळपाला आत जातो ती) चालीप्रमाणे लावतात, कारण तोडलेला ऊस यार्डात गाडीवर थांबला की वजन घटतं आणि रिकव्हरी म्हणजे साखरेचा उतारा पडतो. तुमच्या कास्टिंगचं वजन घटत नाही म्हणून थांबलेलं दिसत नाही एवढाच फरक.

मग तुम्ही म्हणाल दोन सेल केल्यावर प्रत्येक सेलला एक क्यूसी द्यावा का दोघांना एकत्र ठेवावं. हा टीम रचनेतला सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि याचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाच्या गणितज्ञानं एक्स्चेंजला किती लाइन लागतील हे काढताना १९१७ मध्ये सूत्रं दिली, तीच इथं चालतात. दोघं वेगवेगळे, दोघंही ८० टक्के बिझी, तर वाट ४० मिनिटं. तेच दोघं एका टेबलावर, एक रांग, जो मोकळा होईल त्यानं पुढचा ट्रे घ्यायचा, तर वाट साधारण १८ मिनिटं. निम्म्याहून कमी, एक रुपया खर्च न करता. इथपर्यंत वाचून बरेच जण दोघांना एकत्र बसवतात आणि थांबतात.

पण एकत्र बसवल्यावर काय होतं, जो पोरगा फक्त व्हॉल्व्हचे पार्ट बघत होता त्याच्यापुढं आता पंपाचं केसिंग येतं, तो ड्रॉइंग उघडतो, कुठला डायमेन्शन क्रिटिकल ते शोधतो, सेटरला विचारायला जातो. १० मिनिटांचा चेक ११ मिनिटांचा झाला तर वाट ३८ मिनिटं, म्हणजे एकत्र केल्याचा जवळजवळ सगळा फायदा एका मिनिटात संपला. आणि १२ मिनिटांचा झाला तर वाट किती, १४१ मिनिटं. मी पहिल्यांदा हा हिशोब केला तेव्हा दोनदा तपासला. म्हणून उत्तर असं की दोघांना दोन्ही पार्ट सारख्याच वेगानं चेक करता येत असतील तरच एकत्र, नाहीतर वेगळे ठेवा आणि महिनाभर रोज अर्धा तास एकमेकांचे पार्ट चेक करायला लावा, मग एकत्र आणा. आणि शिफ्ट संपताना सगळे ट्रे एकदम आणून ठेवायची सवय असेल तर ती आधी मोडा, काम ठराविक अंतरानं येत राहिलं तर तेवढ्याच माणसांत रांग चांगलीच कमी होते.

आता मॉडेलला काय दिसत नाही ते सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलीय आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. एका कारखान्यात वही ठेवली, तक्ता केला, माणसं सरकवली. बोअरिंगला एक वयस्कर सेटर होते आणि त्यांच्या शेजारच्या सीएनसीवर एक विशीतला पोरगा. वहीत त्या दोघांमधला आकडा जवळपास शून्य, म्हणून त्यांना दोन वेगळ्या सेलमध्ये टाकायला मला काहीच अडचण वाटली नाही. दोन आठवड्यांत त्या पोराच्या मशीनवर इन्सर्ट (टूलच्या टोकाची धार) तुटायला लागले, बोअर ओव्हरसाइज जायला लागला. तिथं जाऊन मी एक दिवसभर उभा राहिलो तेव्हा दुसऱ्या एका ऑपरेटरनं सांगितलं, काका कटिंगचा आवाज ऐकायचे. आवाज बदलला की ते आपल्या जागेवरून मान न वळवता नुसता हात वर करायचे आणि पोरगा फीड होल्ड (टूलची चाल थांबवायचं बटण) दाबायचा. कोण उठत नव्हतं, कोण बोलत नव्हतं, म्हणून वहीत काही नव्हतं. दोघांना परत शेजारी आणल्यावर रिजेक्शन खाली आलं. तेव्हापासून तक्ता झाला की मी प्रत्येक शून्याच्या चौकटीसमोर त्या दोन माणसांना उभं करून विचारतो, तुम्ही दोघं लांब गेलात तर काय अडेल. बहुतेक वेळा काहीच नाही म्हणतात, पण एखादं काका-पोरगं सापडतं. अंतराचं पण तसंच, एमआयटीचे थॉमस अ‍ॅलन यांनी १९७० च्या दशकात इंजिनीअर लोकांत मोजून दाखवलं होतं की दोन माणसांच्या जागेतलं अंतर वाढलं की त्यांचं बोलणं झपाट्यानं घटतं, त्यामुळं सेल कागदावर केला आणि मशीन शेडच्या दोन टोकांना राहिली तर तो सेल नाही.

टीम केवढी असावी हेही विचारलं होतं. फ्रान्सच्या रिंगेलमान या शेती इंजिनीअरनं माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं, १९१३ मध्ये छापून आलं, आठ जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्यानं ओढताना असतो त्याच्या निम्म्यावर येतो. दोर आणि मशीन एक नाही हे मला कळतं. तरी माझा अनुभव ६ ते ८ चा आहे, त्याच्या वर गेलं की सेलच्या आत परत दोन गट पडतातच, त्यामुळं तुमच्या एकेका सेलमध्ये बारा-बारा जण येत असतील तर आत सहा-सहाच्या दोन टीम होणार हे धरूनच चाला.

लहान टीमचा धोका एकच, गैरहजेरी. ६ जणांचा सेल, प्रत्येकजण दहातला एक दिवस येत नाही असं धरा, तर दोन किंवा जास्त जण एकाच दिवशी नसण्याची शक्यता ११ टक्के, म्हणजे २६ दिवसांच्या महिन्यात तीन दिवस सेल लंगडा. पण हा हिशोब प्रत्येकाची सुट्टी वेगवेगळी धरून केलाय, आणि आपल्या भागात ती वेगवेगळी नसते. तासगाव बाजूची तीन पोरं एका सेलमध्ये असतील आणि तिघांच्या घरी द्राक्षबाग असेल तर ऑक्टोबर छाटणीला तिघंही एकदम नसणार, गावच्या यात्रेला तर नसणारच. तेव्हा सेल पाडताना कौशल्याच्या रकान्याशेजारी गावाचा रकाना पण ठेवा, आणि एका गावची माणसं दोन्ही सेलमध्ये वाटून टाका.

आणि प्रत्येकाला सगळ्या मशीन शिकवायच्या मागं लागू नका, ते कधी पूर्ण होत नाही. ६ ऑपरेटर, ६ मशीन, प्रत्येकाला सगळं शिकवायचं तर ३० नवीन ट्रेनिंग. त्याऐवजी साखळी करा, पहिल्यानं दुसऱ्याचं मशीन शिकायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, असं करत सहाव्यानं पहिल्याचं. फक्त ६ ट्रेनिंग. जॉर्डन आणि ग्रेव्ज यांनी १९९५ मध्ये गाड्यांच्या प्लांटचा अभ्यास करून दाखवलं की अशी बंद साखळी पूर्ण लवचिकतेचा जवळपास सगळा फायदा देते, आणि माणसांच्या बाबतीत मला तेच दिसलंय. अट एकच, साखळी तुटायची नाही. दोघं-दोघं एकमेकांचं शिकले अशा तीन सुट्या जोड्या केल्या तर ट्रेनिंग तेवढीच होतात पण उपयोग बराच कमी, कारण एका जोडीतले दोघं नसले की तिकडं कोणी सरकूच शकत नाही.

राहिला सुपरवायझर. २४ जण, प्रत्येकाचे दिवसाला ३ प्रश्न, प्रत्येकी ६ मिनिटं, झाली ४३२ मिनिटं. शिफ्ट ४८० मिनिटांची. म्हणजे जो कोणी ती उत्तरं एकटा देणार तो ९० टक्के बिझी आणि प्रत्येक प्रश्न सरासरी ५४ मिनिटं थांबणार. आत्ता तो माणूस तुम्ही आहात. उद्या सुपरवायझर आणला तर तो असेल, आणि वरून त्याला तुमचे पार्ट माहीत नसल्यानं त्यातले निम्मे प्रश्न तो परत तुमच्याकडंच आणणार. त्याऐवजी दोन सेल केले, प्रत्येक सेलमधला जो सेटर लोक आधीच विचारतात (वहीत त्याच्या रकान्याची बेरीज सगळ्यात मोठी येईल, शोधावं लागणार नाही) त्याला लीडर केलं, त्याच्या अंगावरचं मशीनचं काम थोडं कमी केलं, आणि तीनातले दोन प्रश्न तिथंच सुटले, तर तुमच्याकडं दिवसाला २४ प्रश्न येतील, तुम्ही ३० टक्के बिझी, वाट अडीच-तीन मिनिटं. म्हणून माझं मत, सुपरवायझर आत्ता नको. त्याच्या पगारातला काही भाग त्या दोन सेटरना वाढवून द्या, नुसतं नाव लीडर आणि हातात काही नाही असं करू नका, ते चार महिने चालतं आणि मग चांगला सेटर सोडून जातो.

आणि हे सगळं चालू असताना नवीन लॉट (एकदम करायला घेतलेल्या पार्टचा गठ्ठा) शॉपवर सोडताना हात आखडता ठेवा. आत ९० लॉट उघडे असतील आणि रोज ६ बाहेर पडत असतील तर नवीन लॉटला १५ दिवस लागणारच, हे लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं साधं सूत्र आहे, टीम कितीही चांगली पाडली तरी ते सुटत नाही. १० दिवसांत माल द्यायचाय तर ६० च्या वर लॉट उघडायचे नाहीत. गिऱ्हाईक फोन करतं म्हणून मटेरियल मशीनसमोर आणून ठेवलं की काम सुरू झाल्याचं समाधान मिळतं, पण तो लॉट बाकीच्या ८९ लॉटना मागं ढकलतो.

वही सोमवारपासून सुरू करा. दिवाळीच्या आधीचा आठवडा आणि छाटणीचा पंधरवडा टाळा, त्या दिवसांचे आकडे निराळेच येतात. क्यूसीचा खडू मात्र उद्यापासूनच, त्याला मुहूर्त लागत नाही.